डाग नसलेली आई

ऐका बरं, आणि मधे मधे हुंकार द्या, नाहीतर गोष्ट रुसते. गावाबाहेरच्या खोपटात इवलीशी सोनकी, पाळण्यातला धोंडू आणि त्यांची आई राहायची. आई भट्टीवर चुरमुरे भाजायची. तापल्या वाळूनं हात पोळलेले, धुरानं आवाज घोगरा, आणि राग तर कायम नाकावर. सोनकी मनात दुसरीच आई रंगवत बसायची. मऊ हातांची, कध्धी न ओरडणारी.

एका दुपारी करवंदीच्या जाळीत तिला चिमुकली परी अडकलेली दिसली. पंख मोरपिशी, लखलखते. डोळे मात्र पापणी न लवणारे. सोनकीची बोटं ओरबाडली, तरी तिनं परीला अलगद सोडवलं.

"माग, काय हवं?" परीनं विचारलं.

"माझ्या मनातली आई दे."

"तुझ्याच आईला तशी करते. पण नियम ऐक. तिच्यावर एकही डाग नाही, तोवरच ती तशी राहील."

"मी जपेन ना तिला," सोनकी म्हणाली.

घरी दारात आई उभी होती. गुलाबी तळवे, सोनेरी कांती, ओठांवर हसू. सोनकी बिलगली, तर आई गार लागली. भट्टीही विझली होती.

"आई, भूक लागली." आई हसली.

सोनकीच्या हातून दूध सांडलं. आई हसली.

एवढ्यात धोंडू पाळण्यातून धपकन पडला, रडून रडून काळानिळा झाला. आई हसतच उभी. सोनकी धावली. तिनं धोंडूला उचललं. "आपलीच आई हवी रे, ओरडणारी," ती हुंदके देत म्हणाली.

तिला आठवलं, न्हाऊमाखू घातलेला धोंडू गोजिरा दिसला, की आई त्याच्या गालावर काजळाची तीट लावायची. "थोडं उणं असावं गं, दृष्ट लागत नाही," म्हणायची. सोनकीनं काजळात बोट बुडवलं आणि आईच्या त्या गार, गुळगुळीत गालावर टेकवलं.

आईचं हसू विरलं. तिनं पापण्या मिटल्या, उघडल्या.

"अगं भवाने, लेकरू रडतंय, भट्टी विझलीय, आणि तू माझ्या तोंडाला काजळ फासतेस?" घोगऱ्या आवाजात ती कडाडली आणि खरखरीत हातांनी दोघांना छातीशी ओढलं. सोनकीला इतकं बरं वाटलं, की ती रडायचीच थांबेना.

खिडकीत परी लुकलुकत होती. "मिळालेलं आपणहून सोडलंस," ती हळूच म्हणाली. "म्हणून तुझ्या आईच्या पोळलेल्या हातांची आग मी नेते. डाग तेवढे राहू देत." शुभ्र उजेड झाला आणि परी त्यात नाहीशी झाली.

"बघत काय बसलीस?" आई ओरडली. "काटक्या आण."

सोनकी उड्या मारत काटक्या आणायला पळाली.