झेफिरीनाची हाक

आज हयात असलेल्या कुणीच पाहिलेली नाही, इतकी जुनी ही गोष्ट आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला चुनखडीचं एक मोठं उजाड पठार आहे. त्याच्या कुशीत पेइराब्रुना नावाचं गाव आहे, आणि त्या गावात झेफिरीना नावाची मेंढपाळीण राहत होती. गावाची सगळी मेंढरं तीच राखायची. तिने दरीच्या या काठावरून हाक मारली की पलीकडच्या काठावरची मेंढरं चरायची थांबून मान वर करत, असं म्हणतात.

गावाची भाषा ऑक्सितान. पाळण्यापासून कबरीपर्यंत माणसं तीच बोलत. राजांच्या दरबारात गाणी म्हटली गेली होती ती याच भाषेत, पण गावाला त्याचं काही विशेष वाटत नसे. झेफिरीनाला तर दुसरी भाषा येतच नव्हती.

मग गावात सरकारी शाळा आली आणि उत्तरेकडून एक मास्तर आले. त्यांचं नाव फ्लामां. माणूस वाईट नव्हता, पण वरून आलेला हुकूम त्यांना देववाक्य वाटे. हुकूम असा होता की मुलांनी फक्त फ्रेंच बोलायचं. जो गावची भाषा बोलेल, त्याच्या गळ्यात दोरीला बांधलेला लाकडाचा ठोकळा अडकवायचा. दुसरं कुणी बोलताना सापडलं की ठोकळा त्याच्या गळ्यात जायचा. संध्याकाळी तो ज्याच्याकडे असेल, त्याने शाळेचं अंगण झाडायचं. त्यामुळे मुलं एकमेकांवर नजर ठेवायला लागली. भावाने बहिणीला पकडून द्यावं, इथवर गोष्ट गेली.

एकदा झेफिरीना मेंढरं घेऊन परतत होती. अंगणात लेउंतीना नावाची नऊ वर्षांची मुलगी गळ्यात ठोकळा घालून झाडत होती. काय गुन्हा केलास, असं झेफिरीनाने विचारलं. लेउंतीनाने आधी शाळेच्या दाराकडे पाहिलं. मग ती कुजबुजली, की हात भाजला तेव्हा आईला हाक मारली, ती आपल्या भाषेत मारली.

झेफिरीनाने काठी भिंतीला टेकवली. तिने तो ठोकळा मुलीच्या गळ्यातून काढला, स्वतःच्या गळ्यात घातला आणि झाडू हातात घेतला. मास्तर बाहेर आले. झेफिरीना त्यांना म्हणाली, आणि लेउंतीनाने ते फ्रेंचमध्ये सांगितलं:

"मास्तर, नियम तुमचाच आहे. जो ही भाषा बोलेल, त्याच्याकडे ठोकळा. मी तर झोपेतसुद्धा हीच बोलते. आता तो माझ्याकडेच राहील."

आणि तो राहिला. रोज मेंढरं कोंडून झाली की ती येऊन अंगण झाडायची. ठोकळा एकच होता आणि तो तिच्याकडे होता, त्यामुळे मुलांच्या गळ्यात घालायला काही उरलंच नाही. तपासनीस आले की मास्तर खाली मान घालून सांगत, शिक्षा चालू आहे, सध्या ती एका बाईला होते आहे. सहा वर्षं तिने ते अंगण झाडलं. काही जण बारा सांगतात.

त्यातल्याच एका शरदात मास्तर सतरा मुलांना घेऊन पठारावर गेले. त्यांना जीवाश्म दाखवायचे होते. दुपारीच धुकं उतरलं, आणि असं उतरलं की पसरलेल्या हाताची बोटं दिसेनात. त्या पठाराच्या तीन बाजूंना सरळ तुटलेले कडे आहेत. एक पाऊल चुकलं की माणूस थेट नदीत.

झेफिरीना धुक्याच्या कडेशी धावली. तिने हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. उत्तर नाही. मुलं गेली, असं तिला वाटलं.

मुलं गेली नव्हती. ती सगळं ऐकत होती. पण मास्तर शेजारी उभे होते, आणि त्यांच्यासमोर त्या भाषेत तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. लेउंतीनाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचे ओठ पांढरे पडले होते.

"उत्तर दे," ते म्हणाले. "तुझ्या भाषेत दे."

मग धुक्याच्या या टोकाहून त्या टोकाला बोलणं सुरू झालं. झेफिरीनाने विचारलं, पायाखाली काय आहे? मास्तरांना सगळीकडे दगडच दिसत होते, आणि त्यांच्याकडे दगडाला शब्दही एकच होता. पण लेउंतीना ओरडली, क्लापास. म्हणजे शेतकऱ्यांनी वेचून रचलेला ढीग. असा ढीग पठारावर एकच होता, म्हणून झेफिरीनाला कळलं, मुलं पूर्वेच्या कड्यापासून वीस पावलांवर आहेत. तिने त्यांना वळवलं. आता काय आहे? लाउझा, म्हणजे सपाट फरशीसारखे दगड. चालत राहा. आता? सोच, म्हणजे तांबड्या मातीचा खोलगट खळगा. तिथून उताराने खाली या. ती एकेक पाऊल विचारत गेली, मुलं एकेक शब्द सांगत गेली, आणि मास्तर लेउंतीनाचा हात धरून आंधळ्यासारखे मागे येत राहिले.

शेवटी शेवटी ती हाक माणसाची राहिली नव्हती, असं म्हणतात. पठारावरचे दगडच आपापली नावं सांगू लागले आणि ज्याचं नाव निघालं तो धुक्यातून बाहेर दिसू लागला, असंही म्हणतात. सतराच्या सतरा मुलं खाली आली. अठरावे मास्तर. त्यांना पाहून झेफिरीना काहीतरी बोलायला गेली, पण आवाज फुटला नाही. तो पुन्हा कधी परत आला नाही. पुढचं सारं आयुष्य ती कुजबुजतच बोलली.

दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः तिच्या घरी गेले. तो ठोकळा काढून द्या, चुलीत घालतो, असं त्यांनी विनवलं. हे त्यांनी तिच्या भाषेत म्हटलं, आणि पाच शब्दांत तीन चुका केल्या. झेफिरीना हसली. तिने ठोकळ्यावरून हात फिरवला.

"राहू दे, मास्तर," ती कुजबुजली. "मला शोभतो."

तेव्हापासून मास्तर रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसत आणि ती सांगेल तो शब्द वहीत उतरवून घेत. अशा अकरा वह्या भरल्या. ती गेली तेव्हा तो ठोकळा तिच्या गळ्यातच होता, आणि तो काढावा असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आजही पेइराब्रुनात शरदातलं पहिलं धुकं उतरलं की शाळा सुटते. सगळी मुलं पठारावर जातात आणि गावातली सर्वांत वयस्क बाई खाली उभी राहून झेफिरीनाच्या नावाने हाक मारते. पायाखाली काय आहे, ती विचारते आणि मुलं आपापला शब्द ओरडून सांगतात. ज्याला शब्द आठवत नाही, त्याला सारं गाव खालून सांगतं. मुलं उतरली की म्हातारी शेवटचं विचारते, सगळी आलात का? त्या भाषेत 'हो'ला 'ओक्' म्हणतात. त्या एवढ्याशा शब्दावरूनच भाषेला ऑक्सितान हे नाव पडलं. लहानथोर सगळे मिळून तो एकदाच म्हणतात, आणि दरीपलीकडच्या गावांत लोक हातातलं काम थांबवून तो ऐकतात.