व्याह्याची चुनाभट्टी

राजे पालखीतून फिरायचे आणि चुना बैलगाडीतून, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट.

तेव्हा चुनाभट्टी लावायला राजाची परवानगी लागे. अट एकच होती. भट्टीत सुके लाकूडच जाळायचे, चिंध्या आणि चामड्याचे तुकडे नाहीत, कारण त्यांचा धूर छातीत बसतो. ही अट पाळली जाते का, ते पाहायला राजाने एक निरीक्षक नेमला होता. माणूस सरळ, पण नात्यागोत्याला भारी जपणारा!

एका गावची भट्टी नेमकी त्याच्या व्याह्याची होती. लेकीच्या सासरी न कळवता कसे जायचे? म्हणून तो आदल्या दिवशी निरोप धाडी. दुसऱ्या दिवशी भट्टीत सुके लाकूड रचलेले असे आणि पानात पुरणपोळी. निरीक्षक भट्टीवर नजर टाकी, ढेकर देई आणि घरी परते.

एकदा लेकीचा सांगावा आला, "बाबा, बाळाचा खोकला थांबत नाही."

बिचारा तसाच धावला. निरोपाचे भानच राहिले नाही. वेशीवरच काळ्या धुराने त्याचे डोळे चुरचुरले. भट्टीत चामडे जळत होते आणि लेकीच्या मांडीवर तान्ही नात धापा टाकत होती.

"चल पोरी, बाळाला घेऊन माहेरी चल," तो म्हणाला.

"मी येईन हो बाबा. पण शेजारच्या आजी कुठं जातील? त्या तर गेल्या वर्षापासून खोकताहेत."

निरीक्षकाची मान खाली गेली. मग त्याने भट्टी विझवायला लावली आणि तिच्या तोंडावर राजाची मोहर ठोकली.

व्याही संतापला. "अहो, नात्याची काही चाड?"

"नात्याची चाड धरली, म्हणून तर नातीवर ही पाळी आली," निरीक्षक म्हणाला. "सुके लाकूड आणा, मग मोहर काढतो. आणि यापुढे मी न कळवता येईन."

व्याह्याने अबोला धरला, पण लाकूड आणले. धूर निवळला तशी नातही बरी झाली. आजींचा खोकला मात्र गेला नाही. पुढे भट्टी पाहायला आला की निरीक्षक आधी त्यांच्या ओट्यावर टेके. आजी खोकत खोकतच त्याला गूळपाणी देत, आणि ते त्याच्या घशाखाली उतरत नसे.

तात्पर्य : राखणदाराने भिडेपोटी डोळे मिटले, की त्याची शिक्षा निरपराध माणसे भोगतात.