सायलेन्सरचं पाणी

“मग यात पाप कुठं आलं, माताजी?”

धरणेंद्र मगदूमनं विचारलं. त्याच्या हातात पाण्याची एक बाटली होती, आणि ती तो एखाद्या ट्रॉफीसारखी धरून बसला होता.

माताजी म्हणजे जैन साध्वी, आर्यिका धृतिमती. पांढरी साडी, मांडीशी मोरपिसांची पिंछी, बाजूला कमंडलू. गावोगाव पायी विहार करत त्या चैत्रात या गावी आल्या आणि जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, पडवीत उतरल्या. पलीकडे दोन म्हाताऱ्या तांदूळ निवडत होत्या.

दीक्षा घेण्याआधी त्या याच गावच्या शाळेत विज्ञान शिकवत. धरणेंद्र त्यांच्या वर्गातला. पेल्यातल्या पाण्यात पेन्सिलीची दोन शिसं सोडायची, त्यांना बॅटरी जोडायची आणि पाण्यातून हायड्रोजनचे बुडबुडे वर येताना बघायचे, हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं. त्या पेल्याचा आता माळावर केवढा थोरला प्लँट झाला होता. तिथला हायड्रोजन भरून बस धावत होत्या. धरणेंद्र प्लँटचा मुख्य इंजिनिअर होता. त्याची मान जरा ताठ होती, पण ते साहजिकच होतं.

“पाप मी कुठं म्हटलं?” माताजी म्हणाल्या. “काय आणलंयस ते तरी सांग.”

“हे पाणी बसच्या सायलेन्सरमधून पडलेलं आहे. धूर नाही, काजळी नाही. जन्मभर आपण ट्रकचा न् ट्रॅक्टरचा धूर गिळत आलो. माझे दादा खोकत खोकत गेले. माझी बस पाणी टाकते, माताजी. नुसतं पाणी.”

“उजेडात धर बघू.”

त्यानं बाटली उन्हात धरली. पाणी लख्ख होतं.

माताजींचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलेही नाहीत. वैराग्य वगैरे सगळं खरं, पण शिकवलेलं पोर नाव काढतं तेव्हा शिकवणाऱ्याचा ऊर भरून यायचाच.

“फार चांगलं केलंस रे.”

इथंच तो उठला असता तर गोष्ट संपली असती. पण तो शाबासकीसाठी आला नव्हता. आईसाठी आला होता.

“माताजी... आईचा नियम सोडवा.”

त्याच्या आईचं, आक्काताईंचं, घर प्लँटच्या खालच्या अंगाला. घरापासून जरा लांब त्यांची विहीर. पाणी गाळायची रीत त्यांच्या घरात जुनीच; माताजींच्या दीक्षेनंतर त्यांनी त्यांच्याकडून तिचा नियमच, म्हणजे व्रतच, घेतला होता. विहिरीचं पाणी स्वतः काढायचं, कापडानं गाळायचं आणि तेच प्यायचं. गाळल्यावर कापडाला जे चिकटून राहतं, डोळ्यांना न दिसणारे जीव, ते गाळलेल्या पाण्यानं धुऊन पुन्हा विहिरीत सोडायचे. त्याला जिवाणी म्हणतात. ज्या विहिरीची जिवाणी, त्याच विहिरीत. आणि तीही वरून भिरकावायची नाही. कळशी दोरीनं खाली सोडायची, पाण्याला टेकू द्यायची, आणि मगच हळूच पालथी करायची.

“विहिरीचं पाणी खोल गेलंय,” धरणेंद्र म्हणाला. “दोरी पुरत नाही. आई तिला तुकडे जोडत जाते. धुणं वाळवायची दोरी, गोठ्यातली दोरी, लुगड्याचा काठसुद्धा. ओढायची ताकद नाही, म्हणून एकच कळशी काढते आणि घोट घोट पुरवते. परवा काठावरच भोवळ येऊन बसली. डॉक्टर म्हणतात, अंगात पाणीच नाही.”

“आणि तू काय म्हणतोस?”

“मी म्हणतो, प्लँटवरचं पाणी आणून देतो. अख्ख्या जिल्ह्यात तेवढं शुद्ध पाणी नाही. तर म्हणते, नियम आहे. ती मरेल, माताजी. नियम धरून मरेल.”



“पाणी खोल का गेलं?”

“उन्हाळा आहे.”

“उन्हाळा काय यंदाच आला?”

तो बाटलीचं झाकण फिरवू लागला.

“धरणेंद्र.”

“आमच्या बोअर जवळ आहेत.”

माताजींनी मान हलवली. रागावल्या नाहीत. वर्गात कुणाचं उत्तर अर्धं आलं की त्या जशा वाट बघायच्या, तशा वाट बघत राहिल्या. ही त्यांची जुनी खोड. पोरं छडीला भ्यायची नाहीत, पण या वाट बघण्याला भ्यायची.

“पाणी फोडायला वीज लागते. ती कुठून आणतोस?”

“दिवसा सोलरची.”

“रात्री?”

“लाइनची.”

“आणि लाइनला कुठून येते?”

“... कोळसा.”

“म्हणजे धूर गेला नाही. दुसऱ्याच्या गावाला राहायला गेला.”

“आज ना उद्या रात्रीचीही सोय होईल,” तो घाईनं म्हणाला. “पण कुणीतरी सुरुवात तर करायला पाहिजे ना?”

“पाहिजेच की. नको कोण म्हणतंय?”

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं होकार दिला की त्याची मोठी पंचाईत होते.

“आम्ही निष्काळजी नाही, माताजी. हायड्रोजन पेटला तर दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसत नाही. माणूस चालत चालत सरळ आगीत जाईल. हल्ली यंत्रं आहेत, तरी मी जुन्या रीतीनं एक केरसुणीही ठेवलीय. गळतीचा संशय आला की ती पुढं धरून चालायचं. केरसुणी पेटली की तिथंच थांबायचं.”

माताजी हसल्या. तांदूळ निवडणाऱ्या म्हाताऱ्यांनीही वर बघितलं. माताजींनी मांडीशेजारची पिंछी उचलली. बसताना, उठताना, पाऊल टाकताना खाली जीव सापडू नये म्हणून जिनं त्या जमीन झाडून घेत, तीच पिंछी.

“म्हणजे तुलाही पिंछी घ्यावी लागली म्हणायची!”

धरणेंद्रही हसला. आल्यापासून पहिल्यांदाच.

“फक्त तुझी केरसुणी तू भाजू नयेस म्हणून आहे,” त्या म्हणाल्या. “आता मला सांग, या बाटलीतल्या पाण्यात जीव आहेत?”

“एकही नाही. आमच्या यंत्राला मिठाचा कणही चालत नाही. बोअरचं पाणी आधी गाळून गाळून घेतो, मग ते यंत्रात जातं.”

“आणि गाळून उरतं ते?”

“खारट पाणी. बरंच निघतं. ते ओढ्याला सोडतो.”

“कुठल्या ओढ्याला?”

“टेकडीपलीकडच्या. तो खालच्या गावाकडं जातो.”

“आणि सायलेन्सरमधून पडतं ते?”

“बस जिथं जाते तिथं पडतं. हायवेला, घाटात, पुण्याच्या रस्त्याला...” तो थांबला. मग चिडल्यासारखा म्हणाला, “शेवटी पाणीच आहे की, माताजी! इथं पडलं काय न् तिथं पडलं काय!”



“हे तू मला मागंही एकदा सांगितलं होतंस,” माताजी हळू म्हणाल्या. “आठवतं?”

त्याला आठवत नव्हतं. मग आठवलं.

तो शाळेत असताना आईला एकदा ताप आला होता. पाणी त्यानं काढलं, गाळलं. पण जिवाणी घेऊन परत विहिरीवर जायचा त्याला कंटाळा आला. रस्त्यात चौगुल्यांची विहीर होती. त्यानं ती तिच्यात ओतून टाकली, तीही वरूनच. आईला कळलं. ती रागावली नाही. त्या दिवशी जेवली नाही, इतकंच. तो रडत शाळेत गेला होता.

“तेव्हा तू वर्गाच्या दारात उभा राहून हेच म्हणालास. पाणीच आहे की ते. या विहिरीत काय न् त्या विहिरीत काय.”

“आणि तुम्ही काय म्हणालात, बाई?”

तोंडातून ‘बाई’ गेलं आणि त्यानं जीभ चावली. दीक्षा घेतलेल्या माणसाला जुन्या नावानं हाक मारत नाहीत.

माताजी मात्र हसल्या. असं हसू दीक्षेच्या कुठल्या नियमात बसतं, कोण जाणे.

“बाई काहीच म्हणाल्या नव्हत्या. शाळा सुटल्यावर तुझ्याबरोबर विहिरीवर आल्या होत्या. कळशी कशी हळू सोडायची, ते दाखवायला.”

धरणेंद्रनं खाली बघितलं. बाटली अजून त्याच्या हातात होती.

“धरणेंद्र...”

“हं?”

“हे पाणी इतकं शुद्ध आहे. याची जिवाणी कुठं सोडलीस?”

बाटली त्यानं खाली ठेवली. पाण्यावर पडलेला उन्हाचा कवडसा भिंतीवर थोडा वेळ हलत राहिला आणि मग स्थिर झाला.

मग कुणी विचारलेलं नसताना तो म्हणाला, “सोमवारी आणखी एक बोअर सुरू व्हायची आहे. आईच्या विहिरीच्या वरच्याच अंगाला. सही माझी आहे.”

माताजींनी पिंछी पुन्हा मांडीशी ठेवली.

“प्लँट बंद करू म्हणता का?”

“मी असं म्हटलं? तुझे दादा धुरानं गेले, ते मी पाहिलंय. तुझी बस चालावी असं मलाही वाटतं.”

“मग मी काय करू?”

“तू आलास कशाला होतास?”

“आईचा नियम सोडवायला.”

“सोडवते.”

धरणेंद्रनं झटकन मान वर केली. त्याला खरंच वाटेना. चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद पसरला, आणि तो बघून पलीकडच्या एका म्हातारीनं पदरानं डोळे टिपले.

“आक्काताईंना माझा निरोप सांग. म्हणावं, तुम्ही फार दिवस सांभाळलंत. आता नळाचं प्या, लेकाच्या प्लँटचं प्या. मनाला लावून घेऊ नका. पोटभर प्या.”

“उपकार झाले, माताजी.”

तो उठू लागला.

“थांब. नियम जिवाणीसारखा असतो. वरून फेकून देता येत नाही. ओंजळ पुढं कर.”

त्यानं गुडघ्यावर बसून ओंजळ पुढं केली.

माताजींनी आपली रिकामी मूठ वर धरली. मग ती हळूहळू खाली आणली, मुठीत दोरी असावी आणि दोरीच्या टोकाला भरलेली कळशी असावी तशी. घाई नाही. हिसका नाही. त्याच्या ओंजळीपासून वीतभर वर मूठ थांबली. तिथं त्यांनी ती अलगद उलटी केली आणि उघडली.

“आता तो तुझा. पाणी तू काढायचंस. तू गाळायचंस. जिवाणी तू सोडायचीस, पाण्याला टेकवून. आणि तहान लागली की तेच प्यायचंस. दुसरं नाही.”

ओंजळीत काहीच नव्हतं. तरी त्याला ती मोडता येईना.

“प्लँटवरही?”

“प्लँटवरही.”

म्हाताऱ्यांचे हात सुपात थांबले होते. माताजींची सामायिकाची, ध्यानाला बसायची, वेळ झाली होती. त्यांनी पिंछीनं समोरची जमीन झाडली आणि त्या उठल्या.

“किती दिवस, माताजी?”

“आक्काताईंनी दोरीला किती तुकडे जोडलेत?”

“मोजले नाहीत.”

“पाणी वर येऊन त्यातला शेवटचा सुटेपर्यंत.”