लाल गाडीचा रुबाब

इचलकरंजीच्या हेमलता चौगुलेबाईंनी जुनी, लाल स्पोर्टी हॅचबॅक घेतली. आठवडाभरातच गाडी चढावर तापू लागली, गिअर टाकताना खडखडू लागली. बाईंनी ती विक्रेत्याकडे, दौलतराव इंगवल्यांकडे नेली.

दौलतराव गिऱ्हाइकांसमोरच हसले. "बाई, स्पोर्टी गाडी तापणार, खडखडणार. तो तिचा रुबाब! तुमच्या हाताला शाळेची रिक्षाच बरी."

बाई परतल्या, पण अपमान झोंबत राहिला.

चार दिवसांनी त्या पुन्हा गेल्या, तेव्हा दौलतराव एका जोडप्याला तसलीच निळी गाडी दाखवत होते. "खडखडाट नाही, कितीही चढवा, तापणार नाही!"

"मग घेऊ नका हो," बाई जोडप्याला म्हणाल्या. "तापते, खडखडते तीच खरी स्पोर्टी, असं यांनीच मला सांगितलंय. तसली बाहेर उभी आहे, माझी."

नवऱ्याने दौलतरावांकडे पाहिलं. "मग बिघडलेली कोणती?"

दौलतराव घाम पुसत पुटपुटले, "लाल."

"मग ती दुरुस्त करा. तोवर ही मी वापरते," म्हणत बाईंनी निळीची किल्ली उचलली.

दौलतराव काही बोलणार, तोच तो नवरा म्हणाला, "न्या बाई, खुशाल न्या. ही किती दिवस शांत राहते, ते आम्हालाही कळेल."