सुगरणबाबाचं हिरवं पातं

ऐका हं, कान इकडे करा!

एक होती बाभूळ. उंच उंच, काटेरी. तिच्या पायाशी गवत. ठेंगणं, मऊ मऊ.

बाभळीच्या फांदीला सुगरणबाबाचं घरटं. घरट्यात आई. आईच्या पोटाखाली अंडं.

घरटं विणायचं हिरव्या पात्यांनी. पण बाबाला भारी घाई! विणली वाळकी पाती.

सूं सूं! वारा आला. कट्ट! पातं तुटलं. घरटं लोंबलं.

"अहो, लवकर!" आई ओरडली.

बाबा घाबरला.

भुर्र भुर्र! बाबा गवताकडे गेला.

"घरटं लोंबतंय, अंडं पडेल! गवतबाळा, हिरवं पातं दे ना!"

"मी तर वाळलंय! बाभळीची मुळं खोल खोल, माझी एवढुशी. सगळं पाणी तीच पिते. ती पाणी देईल, तर पातं देईन."

भुर्र भुर्र! बाबा बाभळीकडे गेला.

"घरटं लोंबतंय, अंडं पडेल! गवत पातं देईना. बाभूळताई, पाणी दे ना!"

"माझं अंग मोठं, तहान मोठी. ओढा वाहील, तर पाणी देईन."

कट्ट! "अहो, लवकर!"

भुर्र भुर्र! बाबा ओढ्याकडे गेला.

"घरटं लोंबतंय, अंडं पडेल! गवत पातं देईना, बाभूळ पाणी देईना. ओढेदादा, वाहा ना!"

"वाटेत दगड बसलाय. तो सरकेल, तर वाहीन."

कट्ट! "अहो, लवकर!"

भुर्र भुर्र! बाबा दगडाकडे गेला.

"घरटं लोंबतंय, अंडं पडेल! गवत पातं देईना, बाभूळ पाणी देईना, ओढा वाहीना. दगडोबा, सरका ना!"

"बूड चिखलात रुतलंय. खेकडी चिखल कोरेल, तर सरकेन."

कट्ट! आता घरटं एकाच पात्यावर!

भुर्र भुर्र! बाबा खेकडीकडे गेला.

"घरटं लोंबतंय, अंडं पडेल! गवत पातं देईना, बाभूळ पाणी देईना, ओढा वाहीना, दगड सरकेना. खेकडीमावशी, चिखल कोर ना!"

बाबाला रडूच कोसळलं.

खेकडीनं आपलं पोट दाखवलं. पोटाशी तिची पिल्लं, इवली इवली.

"मला काही नको रे. चल!"

खर्र खर्र! खेकडीनं चिखल कोरला. गडगड! दगड सरकला. झुळुझुळु! ओढा वाहिला. घटाघट! बाभूळ प्यायली, गवतालाही दिलं. गवत झालं हिरवंगार. सर्र! त्यानं पातं दिलं.

बाबानं विणलं. आत-बाहेर, आत-बाहेर. गाठ घट्ट!

सूं सूं! वारा आला. बाभळीनं वर धरलं. गवतानं बांधून ठेवलं. घरटं नुसतं झुललं.

टक टक! अंडं फुटलं. "चिव!"

बाबाचा जीव भांड्यात पडला. तो टेकला जरासा.

"अहो, बसलात काय?" आई म्हणाली. "बाळाला भूक लागलीय!"