पेटीची घूं

"घूं कमी होते, बुवा, पण जात नाही. का जात नाही?"

विश्वंभरबुवांच्या हातात जपमाळ होती. मणी सरकत राहिले.

"तू तिला जा म्हणालास का?"

निशिकांतला हसू आलं नाही. कृष्णाकाठच्या त्या मठात चैत्रापासूनची ही त्याची पाचवी खेप. सभामंडपाच्या फरशीवर मठाचा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, ज्याला मठात सगळे पेटीच म्हणत, पोट उघडं टाकून घूं करत बसला होता. शेजारी तितकाच जुना टेपरेकॉर्डर.

बुवा पूर्वाश्रमी रेडिओ दुरुस्त करत. सुट्टीत आलेल्या निशिकांतला तार सोलायला, सोल्डरचा डाग द्यायला त्यांनीच शिकवलं होतं. पुढे तो पुण्यात इंजिनीअर झाला, आणि बुवांना आता यातलं काय कळतंय, असं त्याला कधीकधी वाटू लागलं. तोंडाने तसं तो कधी म्हणाला नाही. बुवांना ते ऐकू येतच होतं.

टेपरेकॉर्डरवर चढवलेली फीत त्याच्या आईची होती.

निशिकांत दोन वर्षांचा असताना त्याचं दुखणं हटेना, म्हणून कालिंदीने मौनभोजनाचं व्रत धरलं. चातुर्मासात चार महिने जेवताना शब्द बोलायचा नाही, आणि शेवटी देवाला घंटा वाहायची. लेकरू बरं झालं. तिने घंटा वाहिली, आणि उद्यापनाच्या दिवशी याच पेटीपुढे बसून एक अभंग म्हटला. बुवांनी तो फितीवर धरला. पुढल्या चातुर्मासाला कालिंदी नव्हती.

चेहरा निशिकांतकडे होता, फोटोत. आवाज कुठेच नव्हता. कुणी आपल्या आईबद्दल कुरकुरलं, की तो मनात म्हणे, तुला निदान ती कशी हाक मारते ते तरी ठाऊक आहे.

फितीवरचा तपकिरी थर आता बोटाला लागत होता. एकदा वाजली तर दुसऱ्यांदा वाजेल याचा भरवसा नव्हता. म्हणून त्याने ठरवलं होतं, पेटी अगदी निर्मळ झाल्याशिवाय फीत लावायची नाही. वाजवायची तीही याच पेटीतून, जिच्यातून ती त्या दिवशी गायली.

त्याने काय काय केलं ते बुवांना सांगून टाकलं. सगळे कंडेन्सर नवे घातले. व्हॉल्व्ह बदलले. आतल्या तारा सोडवून पुन्हा नीट वळवल्या. एवढंच नाही, तर प्लगमधल्या अर्थिंगवर विसंबायला नको म्हणून टेपरेकॉर्डरची एक वेगळी तांब्याची तार अंगणात नेऊन तुळशीवृंदावनात पुरली. तिथे बायका रोज पाणी घालतात, ओल कधी मोडत नाही.

"तुळशीत?" ओसरीवर वाती वळणाऱ्या गोदाअक्का म्हणाल्या. "तरीच म्हटलं, यंदा माझ्या तुळशीला मंजिऱ्या का धरेनात."

बुवांचा मणी थांबला.

गुडघ्यावर हात देऊन ते उठले. अंगणात गेले. वृंदावनाला नमस्कार केला, आणि मातीतून तार उपसून घेतली.

आत मंडपभर पसरलेली घूं एकदम खाली बसली. कुणी दार ओढून घ्यावं तशी.

निशिकांत बघत राहिला. हे त्याला पुस्तकाने पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. दोन यंत्रं एकमेकांना जोडलेली असताना दोघांना वेगवेगळी जमीन द्यायची नाही. त्याने मात्र काळजीपोटी एक तार जास्त पुरली होती.

"प्लगमधलं अर्थिंग चांगलं आहे का, ते तपासलंस?"

"...नाही."

"विश्वास नव्हता, म्हणून दुसरं केलंस."

निशिकांतने मान खाली घातली.

"एका वेळी दोन देवळांत डोकं टेकता येत नाही, बाळ."

बुवा पुन्हा आसनावर बसले. निशिकांतने स्पीकरला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"अजून आहे. अगदी बारीक."

"असू दे."

"नको, बुवा. आईच्या आवाजात काही मिसळलेलं नको मला. एकदाच मिळणार आहे ती..."



बुवांनी हात लांब करून भिंतीतला प्लग उपसला.

व्हॉल्व्हमधल्या तांबूस रेघा हळूहळू विझल्या. मंडपात काही म्हणता काही उरलं नाही. नदीच्या बाजूने एक टिटवी ओरडून गेली.

"आता?"

"आता नाही."

"मग लाव फीत."

निशिकांतने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"बंद पेटीवर कशी लावू..."

बुवांनी प्लग त्याच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटवली फक्त.

शेवटी त्याने तो भिंतीत लावला. व्हॉल्व्ह तापायला अवधी लागतो. तेवढ्यात बुवा, जणू दुसरंच काही आठवलं म्हणून, सांगू लागले. त्या दिवशी मंडप भरला होता, आणि ऐन वेळी तंबोऱ्याची तार तुटली. गावात दुसरी तार नव्हती, सूर धरायला दुसरं वाद्य नव्हतं. कालिंदी मांडीवर पोर घेऊन तशीच बसून राहिली. कुणी म्हणालं, राहू दे आता, उद्या म्हण.

"मग ती गायली कशी?"

बुवांनी डोळे मिटले.

पेटी जागी झाली. बारीकशी घूं आली. निशिकांतने खटका दाबला, चकत्या फिरू लागल्या.

फितीतून पहिल्यांदा खोकले आले, बांगड्या आल्या, एक लेकरू किरकिरलं. मग सगळं शांत झालं. त्या शांततेतून घूं वर आली. पेटीची तीच, पण त्या दिवशीची, फितीवर धरलेली; भरून आलेली, मोठी. गाणं कुठेच नव्हतं. फीत मात्र सरत होती.

निशिकांतचा हात बटणाकडे झेपावला.

बुवांनी तो वरच्यावर धरला.

"थांब. ती सूर घेतेय."