पाळण्याची फळी आणि दोन रंधे

अवजारं माणसांपेक्षा जास्त बोलायची, त्या काळातली गोष्ट. येसाजी सुतार नातीसाठी पाळणा करत होता. तळाच्या दोन फळ्यांमध्ये फट राहिली तर बाळाचं बोट अडकणार, आणि एका फळीच्या कडेला नेमका खळगा.

लाकूड तासायला दोन रंधे होते. आखूड रंधा मायाळू. तो उंचवट्यावर चढला, खळग्यात उतरला, सगळीकडे फिरून आला. कड गुळगुळीत झाली, पण फळ्या जुळवल्या तर फट तेवढीच.

मग लांब रंधा आला. तो नुसते उंचवटे तासत खळग्यावरून तसाच पुढे गेला.

"मला शिवतही नाहीस," खळगा म्हणाला. "तो बरा होता."

"बाळा, तुला भरून काढणं कुणालाच जमत नाही. बाकीच्यांना तुझ्यापर्यंत खाली आणतोय. वेळ लागेल."

उंचवटे कुरकुरत झिजत राहिले. शेवटी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अखंड छिलका निघाला. त्यात खळग्याचंही लाकूड होतं. येसाजीने फळ्या जुळवून उजेडासमोर धरल्या. फट उरली नव्हती.

"म्हणजे माझी माया चुकलीच," आखूड रंधा हळूच म्हणाला.

"चुकली नाही रे, वेळेआधी झाली," लांब रंधा म्हणाला. "आता बाळाची पाठ टेकेल तिथे तूच फिर."